फुली काचेकडे

विभागातून शोकपत्र आलं आहे. जाड कागद, वर चिन्ह, खाली तिघांच्या सह्या. आमचे हे "मितभाषी आणि आज्ञाधारक" होते म्हणे. मितभाषी! एकतीस वर्षं ज्यांनी ह्यांचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतलं नाही, त्यांनी ह्यांना मितभाषी म्हणावं? पत्र मी शिलाई मशीनच्या खणात टाकलं, तुटक्या सुयांच्या डबीशेजारी, आणि लिहायला बसले. मी शिंपीण आहे. मला लिहायची सवय ती मापं लिहायची. छाती, कंबर, उंची. पण ह्या माणसाचं माप दुसऱ्यांनी घेतलं आणि चुकवलं, तेव्हा आता मीच घेते.

लग्न ठरवताना माझ्या वडिलांना सांगितलं होतं, "मुलगा विद्यापीठात आहे." वडील खूश. लग्नानंतर दोनच दिवसांत मला कळलं, विद्यापीठात आहे म्हणजे विद्यापीठाच्या तळघरात आहे आणि तिथे दगड कापतो. मी म्हटलं, कपाळ माझं! दगड फोडणारे रस्त्यावर असतात, त्यासाठी विद्यापीठ कशाला? हे हसले. हसले की ह्यांचा एकच गाल हसायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक काच आणली आणि माझ्या हातावर ठेवली. बोटभर लांब, दोन बोटं रुंद. काचेवर मध्ये काहीतरी पुसट, डाग पडल्यासारखं.

"हा दगड आहे," हे म्हणाले.

"कुठाय?"

"हाच. केसाहून बारीक घासलाय. दिव्यासमोर धर."

धरला तर आरपार दिसलं. दगडातून पलीकडचा दिवा! मी शिंपीण असले तरी मलमल इतकी तलम पाहिली नव्हती. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात नवरा बायकोला काहीबाही आणून देतो. माझ्या नवऱ्याने मला दगड दिला आणि खरं सांगते, मला तो आवडला.

ह्यांचं काम असं. डोंगरातून दगड यायचे. पाण्याखाली फिरणाऱ्या, हिऱ्याची पूड बसवलेल्या पात्यावर हे त्याची वडी कापायचे. वडीची एक बाजू गुळगुळीत करून ती काचेवर चिकटवायची. मग वरून दुसऱ्यांदा कापायचं, आणि उरलेला पापुद्रा ओल्या पुडीवर बोटाने गोल गोल घासत बसायचं. आधी भरड पूड, मग बारीक, मग पिठासारखी. मधूनमधून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गारेचा दाणा पिवळसर दिसला तर अजून जाड आहे; राखाडी झाला की हात आवरायचा. एक फेरा जास्त झाला तर काचेवर दगडच राहत नाही, सकाळपासूनची मेहनत पाण्यात. हे शेवटी शेवटी सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता अंगठ्यानेच ओळखायचे. अंगठ्यावर रेषा म्हणून उरल्या नव्हत्या. एकदा कुठल्याशा कागदावर अंगठा उठवायचा होता, तर नुसता गोळा उठला.

पण हा नुसता सोलण्याचा उद्योग कशासाठी, हे मला कळेना. तेव्हा ह्यांनी माझ्याच शिवणाच्या टेबलावर दाखवलं. टाचण्यांची डबी उपडी केली. टाचण्या पडल्या अस्ताव्यस्त. मग दोन फूटपट्ट्या घेऊन दोन्ही बाजूंनी त्या ढिगाला हळूहळू दाबत आणलं. बघते तर सगळ्या टाचण्या पट्ट्यांना समांतर, एकीशेजारी एक, शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या.

"खोल जमिनीत असंच होतं," हे म्हणाले. "दगड वितळत नाही, पण उष्णतेने मऊ पडतो. मग दाब आला की अभ्रकाचे पत्रे फिरतात आणि दाबाला आडवे होतात. काही दाणे दाबाच्या अंगाने विरघळतात आणि दाब नाही त्या अंगाला पुन्हा धरतात. लाखो वर्षांनी बघावं तर सगळा दगड एका ओळीत."

"आणि जे फिरत नाहीत ते?"

"ते टणक. तांबडे खडे असतात, गार्नेट. ते मोडत नाहीत, लोळतात." मग माझ्याकडून कापडाचे दोन तुकडे घेतले, मध्ये एक बटण ठेवलं, बटणाला दोरा गुंडाळला, आणि वरचं कापड खिडकीच्या दिशेने सरकवलं. बटण लोळलं, दोऱ्याची दोन टोकं दोन बाजूंना शेपटीसारखी ओढली गेली. "ह्या शेपट्या बघून सांगता येतं, वरचा डोंगर कुठल्या बाजूला सरकला. आता सांग, कुठे सरकला?"

"उजवीकडे," मी म्हणाले.

"चूक. डावीकडे."

मी भांडायलाच उठले. डोळ्यांदेखत उजवीकडे सरकलेलं कापड! मग लक्षात आलं, मी टेबलाच्या अलीकडे बसलेय आणि हे पलीकडे. खिडकी माझ्या उजवीकडे, ह्यांच्या डावीकडे. दोघंही खरे. हे म्हणाले, "हाच घोळ आहे. कुठल्या बाजूने बघायचं ते आधी ठरलं नाही तर पुढचं सगळं उलटं."

आणि तेव्हा मी, लग्नाला आठवडाही न झालेली शहाणी, म्हणाले, "त्यात काय एवढं? आम्ही कापडाच्या उलट्या बाजूला खडूने फुली मारतो. फुली दिसली की समजायचं, ही बाजू आत जाणार. नाहीतर दोन्ही बाह्या डाव्याच निघतात."

"फुली म्हणजे उलटी बाजू," हे म्हणाले. "बरंय की!" आणि एका गालाने हसले.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते पस्तीस वर्षं लक्षात ठेवलंय.

त्याच महिन्यात विभागात एक नवे सर लागले. हे नवे, सरही नवे. सरांचा विषय हाच, दगडातल्या दाण्यांच्या ओळी आणि डोंगर कुठे सरकला ते. सर डोंगरात जायचे, कड्यासमोर उभे राहायचे, जो दगड काढायचा त्याच्या त्यांच्याकडे असलेल्या तोंडावर लाल रंगाने फुली मारायचे, वरच्या कडेला एक रेघ, आणि मग हातोडा. दगडांची पहिली पेटी तळघरात आली तेव्हा ह्यांनी पाहिलं, प्रत्येक दगडावर फुली. पण गृहीत धरून काम करणारा माणूस नव्हता हा. पेटी तशीच ठेवली आणि एक दगड हातात घेऊन जिना चढून सरांच्या खोलीत गेले. विचारलं, "सर, फुलीची बाजू काचेकडे चिकटवायची, का फुली वर ठेवायची?"

सर फोनवर होते. त्यांनी हात हलवला आणि म्हणाले, "हो, हो."

आता बोला! हे का ते विचारलं तर हो! पण नवी नोकरी. हे थांबले. फोन संपल्यावर पुन्हा विचारलं, ह्या खेपेला सोपं करून. "फुली काचेकडे ना, सर?" सरांनी कागदातून डोकं न काढता म्हटलं, "हो म्हटलं ना." ह्यांनी खाली येऊन नवं कोरं रजिस्टर उघडलं आणि पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, तारीख घालून लिहिलं: 'फुली काचेकडे. सरांना विचारून.' महिनाअखेरीला पान सरांकडे सहीला गेलं. सरांनी सही केली. न वाचता केली हे उघड आहे, पण सही ती सहीच.

झालं ते एवढंच. सरांची फुली म्हणजे 'इथून मी बघत होतो'. आमची फुली म्हणजे 'ही बाजू आत', काचेला चिकटलेली; आणि सूक्ष्मदर्शकाखाली काप बघतात तो वरच्या, उघड्या अंगाने. त्यामुळे सरांना वाटायचं आपण दगड समोरून बघतोय, आणि बघायचे ते पाठीमागून. माझ्यासारखं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने. एक नाही, दोन नाही, अकराशे चाळीस काप. सगळे सुंदर, सगळे राखाडी, सगळे उलटे.

सर मोठे झाले. परिषदा, सत्कार, खोलीला एसी. सरांचा सिद्धांत असा की आपल्या डोंगराचा वरचा थर पूर्वेकडे सरकला. कड्यावर उभं राहून काही ठिकाणी नेमकं उलटं दिसायचं, तर सर विद्यार्थ्यांना सांगायचे, "उघड्या डोळ्यांना कडा फसवतो, काप फसवत नाही." नाचता येईना अंगण वाकडं! पण त्या वाक्यावर हे किती खूश असायचे. घरी येऊन दोनदा सांगितलं मला. काप फसवत नाही म्हणजे माझं काम फसवत नाही, असा त्यांनी अर्थ घेतला होता.

एकोणिसाव्या वर्षी सरांचं पुस्तक आलं. हिरवी बांधणी, आत रंगीत पानं, त्यांत ह्यांच्या कापांचे फोटो. जांभळे, निळे, पिवळे दाणे, माशांच्या थव्यासारखे सगळे एका दिशेला. हे पुस्तक घेऊन आले आणि हात धुऊन, पुसून मग उघडलं. थेट आभाराचं पान काढलं. लेकीला बोलावलं, "वाच." लेक वाचत गेली. कुलगुरूंचे आभार, पत्नीचे आभार, जीपच्या ड्रायव्हरचे आभार. डोंगराच्या पायथ्याशी सर ज्या बाईकडे उतरायचे, तिने वेळी-अवेळी केलेल्या चहाचेही आभार! पान संपलं.

"उलटून बघ," हे म्हणाले, "मागे असेल."

मागे नकाशा होता.

मी बोलले. मला गप्प बसता येत नाही. मी म्हटलं, "चहावालीच्या खाली तुम्ही? अहो, चार फोटोंमागे एक तरी शब्द?" हे म्हणाले, घाईत राहिलं असेल. आणि दुसऱ्या दिवशी खरंच, स्वतः तोंड उघडून सरांना विचारलं. आयुष्यात ह्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट. सर म्हणाले, "अरे, राहिलंच की! पुढच्या आवृत्तीत पहिलं नाव तुमचं. शब्द देतो." झालं! त्या शब्दावर ह्या माणसाने अकरा वर्षं काढली. बढतीचा अर्ज केला नाही, दुसऱ्या संस्थेतून चांगलं बोलावणं आलं तर गेले नाहीत. म्हणाले, दगडापेक्षा वीट मऊ, इथे निदान सर ओळखतात. मी म्हटलं, "तुमचे सर ना दगड आहेत ना वीट, नुसता लोण्याचा गोळा आहे, दुसऱ्याच्या पोळीवर पसरणारा." ह्यांना राग आला. दोन दिवस अबोला.

त्या अकरा वर्षांतली दोन वर्षं पात्याचा पाण्याचा पंप बंद होता. कोरडंच कापायचं. ह्यांनी सहा अर्ज केले. पंप येईपर्यंत तोंडाला माझ्याकडचं अस्तराचं कापड बांधून कापत राहिले, कारण सरांची परिषद होती आणि काप हवे होते. संध्याकाळी शर्ट झटकला की पांढरी धूळ उडायची. मी ओरडायची, "बाहेर झटका!" माझ्या कापडांवर डाग पडतात म्हणून. माझ्या कापडांची काळजी होती मला, बघा.

तिसाव्या वर्षी एक मुलगी आली, संशोधन करायला. हे तिला चष्मेवाली म्हणायचे. चष्मा तिच्या डोळ्यांवर कमी आणि केसांत जास्त. तिने डोंगराच्या दुसऱ्या टोकाचे दगड आणले होते आणि काप दुसरीकडे करून घेतले होते. तिचे गार्नेट सगळे उलटे लोळलेले. म्हणजे तिच्या मते डोंगर पश्चिमेकडे सरकला. सर म्हणाले, तुझं चुकलंय. ती दोन महिने रडली, पुन्हा पुन्हा मोजलं. शेवटी तळघरात उतरली आणि ह्यांच्यासमोर स्टुलावर बसली. "काका, फुलीची बाजू तुम्ही वर ठेवता ना?"

हे म्हणाले, "नाही. काचेकडे."

ह्यांना माहीत नव्हतं की हे विचारणं किती मोठं आहे? माहीत होतं. तिचा चेहरा पांढरा पडलेला पाहताच सगळं उमगलं होतं. "रजिस्टर बघावं लागेल" म्हणून वेळ काढता आला असता. पण विचारलं तर खरं सांगायचं, एवढंच ह्यांना येत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर तिला म्हणाले, "पोरी, मग तुझं बरोबर आहे. सरांचे सगळे काप पाठीमागून आहेत." रजिस्टर काढून पहिलं पान दाखवलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही माझं आयुष्य वाचवलंत."

सरांनी बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. म्हणाले, "फुली काचेकडे, ही अक्कल कुणाची?"

हे म्हणाले, "मी विचारलं होतं, सर. तुम्ही हो म्हणालात."

"मला आठवत नाही. पण मुळात तुमच्या डोक्यात आलंच कसं? फुली म्हणजे उलटी बाजू, हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"माझंच डोकं, सर," हे म्हणाले.

संध्याकाळी हे सगळं मला जसंच्या तसं सांगितलं. मी मशीनवर बॉबिन भरत होते. "म्हणालो, माझंच डोकं," हे म्हणाले आणि माझ्याकडे न बघता बूट काढायला लागले. बॉबिन भरली, भरून वर दोरा ओघळायला लागला, तरी मी पायडल मारतच राहिले. तेव्हा बोलायचं होतं मी. एवढी तोंडाळ बाई, अख्ख्या गल्लीला पुरून उरणारी, आणि नेमकी तेव्हा माझी वाचा बसली. उलट जोरात म्हणाले, "तो हो म्हणाला होता ना? मग चूक त्याची! सोडू नका त्याला!" दुसऱ्यावर ओरडलं की आपलं ऐकू येत नाही.

सरांनी रजिस्टर मागितलं होतं. मी म्हटलं, "अहो, देऊ नका. निदान पहिल्या पानाची झेरॉक्स काढा."

"सरांवर अविश्वास दाखवू? तीस वर्षांनी?"

"तीस वर्षांत त्याने तुम्हाला दाखवला का विश्वास?"

"तू दाण्याएवढं काही पाहिलंस की डोंगर करतेस," हे म्हणाले, आणि सकाळी रजिस्टर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. सर म्हणाले, "ठेवून जा, बघतो निवांत." पालथ्या घड्यावर पाणी. मी किती ओतलं, किती ओतलं!

मग दुसरी आवृत्ती आली. ह्यांच्या निवृत्तीला तीन महिने होते. ह्या खेपेला हात धुऊन बसले नाहीत, उभ्या उभ्याच लेकीला म्हणाले, "वाच." आणि सरांनी शब्द पाळला हो, खोटं कशाला बोलू? अगदी पहिल्याच पानावर होतं. लेकीचा आवाज मध्येच बारीक झाला, पण तिने पुरतं वाचलं: पहिल्या आवृत्तीतील सरकण्याची दिशा दुरुस्त केली आहे, काप तयार करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अनवधानाने नमुने उलट्या बाजूने बसवले गेले होते, ही बाब लेखकाच्या सूक्ष्म नजरेस आली.

लेखकाच्या! सूक्ष्म! चष्मेवालीचंही नाव नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी देणाऱ्याचाच सत्कार. आणि अनवधान? ह्या माणसाने दोनदा विचारलं होतं, लिहून ठेवलं होतं, सही घेतली होती. मी म्हटलं, "नाव तरी टाकायचं होतं मेल्याने! शिवी द्यायची तर माणसाला नावाने तरी द्यावी."

हे गेले रजिस्टर मागायला. सर प्रेमाने बोलले. चहा मागवला. "अहो, कपाटं साफ केली ना मध्यंतरी, जुने कागद रद्दीत गेले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचं नाव कुठे घातलंय मी? मुद्दामच नाही घातलं." उपकारच केले म्हणायचे! चष्मेवालीला गाठलं तर ती चष्मा डोळ्यांवर ओढून म्हणाली, "काका, माझ्या प्रबंधावर सरांची सही व्हायची आहे अजून." सही झाली, ती डॉक्टर झाली. तिच्या प्रबंधात "प्रयोगशाळेतील सर्व कर्मचाऱ्यांचे" आभार आहेत. सर्व म्हणजे झाडूवालासुद्धा आला आणि हेसुद्धा आले.

तिला मी दोष देत नाही. देते, पण कमी देते. हेच एकदा म्हणाले होते की दाब आला की पत्रे वळतात, पत्र्यांचा काय दोष. मी म्हटलं, "आणि तुम्ही? तुम्ही कोण?" तर म्हणाले, "मला वाटायचं मी गार्नेट आहे." एवढंच बोलले आणि कूस बदलली.

निवृत्तीनंतर तळघरातल्या पोरांनी ह्यांच्याबद्दल काय बोलायचं ते बोलून घेतलंच. उलटा काप झाला की म्हणे तिथे 'काकांचा काप' म्हणतात. माझ्या कानावर आलं, ह्यांच्याही आलं असणार. हे घरात माझ्या टेबलासमोर बसून राहायचे, टाचण्यांची डबी पुढ्यात घेऊन. ते 'माझंच डोकं' ऐकलं त्या दिवसापासून मी कापडावर फुली मारणं सोडलं होतं. का सोडलं ते सांगितलं नाही, ह्यांनी विचारलं नाही. एकदा इस्पितळाच्या गणवेशाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. छत्तीस वर्षांच्या शिलाईत पहिल्यांदा. हे उसवायला बसले. त्या गुळगुळीत अंगठ्यांना दोरा सापडत नव्हता, तरी सगळी शिवण उसवून दिली.

खोकला तेव्हा सुरू झालाच होता. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी मी ओढून छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, माझ्या लेकीच्या वयाचा. क्ष-किरणांची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि पेन्सिलीने दाखवायला लागला, "डाव्या फुप्फुसात खाली जास्त डाग आहेत बघा, काका. हे धुळीचं आहे. साठत साठत गेलंय."

हे पुढे वाकले. खूप वेळ बघितलं. जन्मभर आरपार बघण्याचंच काम केलेला माणूस! मग हळूच म्हणाले, "डॉक्टर, फिल्म उलटी लागली आहे."

मी मनात म्हटलं, आता हाही म्हणणार, तुम्हाला काय कळतं.

डॉक्टर वळला. कोपऱ्यातलं अक्षर पाहिलं. ते पाठीमागून दिसत होतं. छातीतलं काळीजही भलत्या बाजूला. "अरे! खरंच की," तो म्हणाला. "माझी चूक, काका. बरं झालं सांगितलंत." फिल्म काढली, उलटली, लावली. "उजवीकडे जास्त आहेत डाग. उजवीकडे." आणि पुढे औषधांचं सांगायला लागला.

ह्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज नाही, हुंदका नाही, नुसतं पाणी. डॉक्टर घाबरला. म्हणाला, "काका, घाबरू नका, आपण उपचार करू." त्याला वाटलं, डागांसाठी रडतोय म्हातारा. मला माहीत होतं कशासाठी ते. तीन शब्दही लागले नाहीत त्या पोराला, दोनच लागले. इज्जत गेली नाही, खुर्ची हलली नाही, दिव्याची पेटी तशीच पेटलेली.

बाहेर औषधांच्या खिडकीसमोर बाक होता. आम्ही बसलो. मी चार वर्षं सरांना घातलेल्या शिव्या मला एकदम आठवल्या. सकाळच्या, संध्याकाळच्या, मशीनच्या तालावर घातलेल्या. एवढ्या हजारो शब्दांत ते दोन शब्द माझ्याही तोंडून निघाले नव्हते. मी म्हटलं, "अहो. फुलीचं मी शिकवलं होतं तुम्हाला. माझी चूक."

हे म्हणाले, "मला वाटलं तू विसरलीस."

"विसरले नव्हते."

"मीही नव्हतो विसरलो." खोकला आला, तो सरू दिला. "परत म्हण."

"काय?"

"तेच. परत म्हण एकदा."

मी म्हटलं, "माझी चूक." ह्यांनी डोळे मिटले. माझा हात धरला नाही की 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. पुन्हा म्हणाले, "परत." मी पुन्हा म्हटलं. खिडकीतल्या माणसाने आमचा नंबर पुकारला, पुन्हा पुकारला, आम्ही उठलो नाही. तिसऱ्या खेपेला मला कळलं, हे माझं ऐकत नव्हते. माझ्या तोंडून सरांचं ऐकत होते. तो जिवंत आहे, एसीत आहे, परवाच्या शोकपत्रावर पहिली सही त्याचीच आहे. आणि मी आपली त्या बाकावर बसून त्याच्या वाटणीचं म्हणत होते, माझी चूक, माझी चूक, हे पुरे म्हणेपर्यंत. हे पुरे म्हणालेच नाहीत.